दहा फुटी खोलीतला समुद्र

साडूभाऊंना कमरेतून जमेल तेवढं वाकून नमस्कार.

(तीर्थरूप म्हणावं तर तुम्ही माझ्याहून फक्त सव्वा वर्षाने मोठे, आणि प्रिय म्हणावं अशी आज माझी मनःस्थिती नाही. तेव्हा नुसतं साडूभाऊ. कमरेचं कारण पुढे येईलच.) इकडे आम्ही सगळे खुशाल. ताईंचा गुडघा आता कसा आहे? तुमचा दवाखाना जोरात चालला असेलच, लोकांचे दात किडायचे काही थांबत नाहीत. आमच्या धंद्यात मात्र माणसं नंबर वाढला तरी जुनाच चष्मा पुसून पुसून वापरतात. शिवाय तुम्हाला सगळे डॉक्टर म्हणतात आणि मला ‘ओ चष्मेवाले’ म्हणतात. असो. मला त्याचं कधीच काही वाटलेलं नाही.

पत्राचं कारण असं, की परवा रविवारी तुम्ही दोघं आमच्याकडे आलात तेव्हा माझं वागणं तुम्हाला जरा चमत्कारिक वाटलं असेल. बोलण्यात मी नेहमीच हरतो, म्हणून खुलासा लेखी करतो आहे. सुरुवात तुमच्याच घरापासून झाली. तीन महिन्यांपूर्वी आम्ही तुमचा नवा फ्लॅट बघायला आलो होतो. हॉलच्या मोठ्या भिंतीवर तुम्ही ते परदेशी समुद्रकिनाऱ्याचं चित्र लावलं होतं: पांढरा कडा, खाली निळं-हिरवं पाणी, पाण्यात दोन होड्या. तुम्ही हात मागे बांधून आम्हाला समजावून सांगितलंत, की हे इम्प्रेशनिस्ट आहे, हे समुद्राचं चित्र नाही, समुद्रावर पडलेल्या उन्हाचं आहे. मी आपलं धंद्यातलं मत दिलं, की चित्रकाराला मायनस तीन नंबर असावा आणि चष्मा घरी विसरून तो किनाऱ्यावर गेला असावा. सगळे हसले. आमची ही हसली नाही, कारण तिने ऐकलंच नव्हतं. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून चित्राकडे बघत होती. तासभर बघत होती, साडूभाऊ! अठरा वर्षांच्या संसारात तिला एका गोष्टीकडे इतका वेळ बघताना मी पाहिलेलं नाही. माझ्याकडे तर नाहीच नाही. आणि चेहरा असा निवांत, की मला आमच्या साखरपुड्याच्या वेळचा तिचा फोटो आठवला. तेव्हा स्पष्टच लिहितो, मी जळलो. तुमच्या हॉलवर नाही, गाडीवर नाही (गाडीवर थोडा), तुमच्या डॉक्टरपणावरही नाही. कागदावर छापलेल्या समुद्रावर जळलो. परतताना बसमध्ये मी हिला दोनदा विचारलं, काय एवढं बघत होतीस? ती म्हणाली, काही नाही, छान वाटलं. हे ‘छान वाटलं’ मला आठ दिवस खुपत होतं.

नवव्या दिवशी मी फ्रेमवाल्याकडे गेलो. तेच चित्र त्याच्याकडे होतं. तुमचं तीन फुटी आहे (तुम्ही सरबत आणायला आत गेलात तेव्हा मी वितीने मोजलं होतं, माफ करा). मी पाच फुटी मागितलं. त्याने विचारलं, खोली केवढी आहे? मला राग आला. म्हटलं, तुम्ही फ्रेम बघा, खोली माझी मी बघतो. चित्र घरी आलं, खिळे ठोकले, टांगलं, आणि हिला मोठ्या ऐटीत बाहेर बोलावलं. ती हात पुसत आली, बघितलं, म्हणाली, भिंत रंगवायची ठरली का? तिचं चुकलं नव्हतं. आमची बाहेरची खोली दहा फूट, त्यातलं कोचाने खाल्लं किती आणि कपाटाने किती! असलं चित्र लांबून बघायचं असतं. चार फुटांवरून ना होडी दिसत होती ना कडा, नुसते निळे-पांढरे फराटे. मागे सरकावं तर मागे भिंत. मी सगळीकडून बघून पाहिलं. शेवटी समुद्र दिसला तो समोरच्या बिऱ्हाडातल्या हेडमास्तरांना. ते रिटायर झालेले, दार उघडं टाकून पेपर वाचत बसतात. दोन्ही दारं उघडी असली की त्यांच्या उंबऱ्यातून आमची भिंत बरोब्बर वीस फुटांवर येते. तिथून ते ओरडले, होड्या फार सुरेख आहेत हो! आपल्या चित्रातल्या होड्या दिसतातही, हे मला त्या दिवशी शेजाऱ्याकडून कळलं. मग ते रोज सकाळी खुर्ची उंबऱ्यातच टाकायला लागले. चित्र माझं, खिळे माझे, आणि समुद्रावर हवा खायला हे! मी दार लावून घ्यायला लागलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी कडी वाजवून विचारलं, आज समुद्र बंद का?

आता इथे माझ्यातला चष्मेवाला जागा झाला. तुम्ही माझ्या दुकानात कधी आला नाहीत (तुमचा चष्मा तुम्ही दुसरीकडून करता, हे मला ठाऊक आहे, आजवर बोललो नाही इतकंच), म्हणून सांगतो. डोळे तपासायचा तक्ता वीस फुटांवरून वाचायचा असतो आणि आमची तपासायची खोली असते दहा फुटांची. मग आम्ही तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे लावतो आणि समोर आरसा. आरशात बघितलं की दहाचे वीस होतात. हेच घरी करायचं ठरवलं. दुकानातला जुना मोठा आरसा पाठीवर घेऊन तीन जिने चढलो (कंबर ती इथे गेली), समोरच्या भिंतीवर लावला, कोच फिरवून चित्राकडे पाठ केली, आणि खरंच सांगतो, आरशात समुद्र उगवला! कडा, पाणी, ऊन, दोन्ही होड्या. फक्त तो नीट दिसायची जागा एकच, आणि तिथे मी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ठेवली. त्या खुर्चीवर आळीपाळीने सगळे बसून गेले: हेडमास्तर, इस्त्रीवाला, मीटर बघायला आलेला माणूस. ही प्रत्येकाला चहा देत होती. पण तिने स्वतः एकदाही मान वर करून आमच्या समुद्राकडे बघितलं नाही. येता-जाता त्याच्यावर फडकं मारायची, बस्स.

तरी मी धीर धरून होतो, कारण रविवारी तुम्ही येणार होतात. तुमच्यासमोर तरी ती कौतुक करेल असं वाटलं. तुम्हाला खुर्चीवर बसवून मी हात मागे बांधले आणि तुमचंच वाक्य तुम्हाला ऐकवलं, की हे उन्हाचं चित्र आहे. तुम्ही आरशात बघितलंत, खिशातून कंगवा काढलात आणि भांग पाडलात. तेवढ्यात तुमच्या खांद्यावरून आरशात डोकावत ताईंनी विचारलं, आमच्याकडे कडा डावीकडे आहे, तुमच्याकडे उजवीकडे कसा? आणि साडूभाऊ, त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, की दुकानातल्या तक्त्यावरची अक्षरं आम्ही मुद्दाम उलटी छापून घेतो, म्हणून ती आरशात सुलटी दिसतात. तीस वर्षं तो उलटा तक्ता वापरून मी हे साफ विसरलो होतो. पण माघार कशी घेणार? मी ठणकावून सांगितलं, की तुमचंच चित्र उलटं छापलं गेलं आहे. तुम्ही आयुष्यभर छोट्या आरशात लोकांच्या दाढा बघता, तुम्हाला सगळं क्षणात कळलं असणार. तरीही तुम्ही नुसतं ‘असेल, असेल’ म्हणालात आणि आणखी एक बिस्किट घेतलंत. भांडला असतात तर बरं झालं असतं. तुमचा हा मोठेपणाच मला सोसत नाही. ही त्या वेळी आत दुसऱ्यांदा चहा टाकत होती, म्हणजे कौतुकही राहिलं ते राहिलंच.

एवढाच खुलासा. गैरसमज नसावा. मला तुमचा हेवा वगैरे काही वाटत नाही.

आपला,
धाकटा साडू

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. तुमचं तीन फुटी चित्र आमच्या खोलीला बेताचं होईल आणि आमचं पाच फुटी तुमच्या हॉलमध्ये शोभेल. अदलाबदल करू या का? हिला काही सांगायचं नाही. आपसूक तिची नजर गेली पाहिजे.

ता. क. २. वरचं रद्द समजा. ताईंना दोन ओळी लिहायच्या म्हणून हिने पत्र मागून घेतलं आणि सगळंच वाचलं. वाटलं, हसेल. हसली नाही. म्हणाली, “मी कुठे चित्र बघत होते? मी बसले होते. तासभर कुणी मला ऊठ म्हणालं नाही. समोर चित्र होतं, म्हणून तिकडे तोंड होतं इतकंच.” आणि दूध बघायला आत गेली. त्या दोन ओळी लिहायच्या राहिल्याच. मी आमच्या घरातल्या खुर्च्या एकेक करून आठवल्या. प्रत्येकीवर कोण बसतं ते मला सांगता आलं. तिची कुठली, ते सांगता येईना. आजचा चहा मी केला. साखर विसरलो, तिने तो उभ्या उभ्याच पिऊन टाकला. तर साडूभाऊ, चित्र तुम्ही दोन्ही ठेवा. फक्त तुमची ती खिडकीजवळची खुर्ची (हॉलमधली, दवाखान्यातली नव्हे) कुठल्या दुकानातून आणलीत, ते उलट टपाली कळवा.

ता. क. ३. त्याच दुकानात तुमच्याहून मोठी मिळते का, तेही विचारून ठेवा. खोली माझी मी बघतो.