तारेत लाईन नाही, असं मीच म्हटलं होतं

प्रिय सुषमा,

मी तुला पत्र लिहितेय, हे पाहून तू हसली असतीस. किराण्याची यादीसुद्धा तुझ्याकडून, धाकट्या जावेकडून, लिहून घेणारी मी! पण आज मोहाडीला ड्रोनच्या प्रशिक्षणाला गेले होते, आणि तिथून आल्या आल्या लिहायला बसलेय.

तुझ्या जागी बचत गटानं मला पाठवलं. शिकवणारे सर तारांचा धोका समजावत होते. म्हणाले, "एका गावात फवारणी करताना ड्रोन तारेत अडकला. पायलट बाईनं घाई केली, लाईन बंद करून न घेताच काढायला गेली." सगळ्या बाया हळहळल्या. सुषमा, मीही मान हलवली.

घाई, आणि तू? ड्रोन उडवण्याआधी शेताचे चारही धुरे फिरून तारा पाहायचीस. "नवरी पाहाले आली का वं?" म्हणून मी चिडवायचे, तरी तू वहीत खांब टिपत राहायचीस.

त्या सोमवारी धानावर तुडतुडे पडले होते, शेताच्या आणखी तीन बांध्या फवारायच्या होत्या आणि आभाळ भरून आलं होतं. वारा सुटला आणि ड्रोन मोटरपंपाच्या तारेत अडकला. तू लगेच मोबाईल काढलास. "थांबा बाई, लाईनमनले फोन करू द्या."

"अवं, या हप्त्यात लाईन रातची हाये. दिवसा तारेत काय रायते? घे बांबू, काढ."

एक आठवडा दिवसा लाईन, एक आठवडा रात्री, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. आदल्या दिवसापर्यंत आमचे हे रात्रीच मोटर लावायला जात होते. पण सोमवारी आठवडा बदलतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तू माझ्याकडे पाहिलंस. "तुमी म्हणता तं ठीक हाये," एवढंच बोललीस. माझी भाजी खारट झाली तर तोंडावर सांगणारी तू. त्याच दिवशी का गं थोरल्या जावेचा मान ठेवलास?

बांबू ओला होता. तू चिखलात अनवाणी उभी होतीस. पुढचं तुला काय सांगू?

लोक धावत आले आणि कोणी विचारायच्या आधीच मी म्हणाले, "मी नोको म्हणत होती, तिनं ऐकलंच नाही." भीतीनं तोंडातून निघालं. मग तेच पोलिसांच्या कागदावर गेलं, तेच गावभर झालं.

तेरवीला भाऊजी माझ्या पाया पडले. "वहिनी, तुमी होत्या म्हणून थे एकटी नाही गेली." त्यांना वर उठवताना मला माझीच किळस आली. तरी खरं सांगितलं नाही.

आणि तुझी गौरी. परवा तुझा फोटो पुसायला सांगितला, तर म्हणाली, "मी नाही पुसत. आईनं घाई करताना माहा विचार काहून नाही केला?" तो मीच पुसून ठेवला. मनात आणलं असतं तर खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं.

उद्या सकाळी ती शाळेत जायच्या आधी तिला आणि भाऊजींना समोर बसवून सांगणार आहे. तू फोन करत होतीस, मी करू दिला नाही. मग मोहाडीच्या वर्गातही उभी राहून हेच सांगेन. भाऊजी कदाचित पुन्हा माझं तोंड पाहणार नाहीत. पण गौरीचा तुझ्यावरचा राग माझ्या वाट्याचा आहे, आणि तो मी उद्या तिच्याकडून मागून घेईन.

तुझीच जाऊ,
मंदा