चौथा गोलंदाज आणि शनिवारचं काम

ती. मामींना,

पायाला भिंगरी असलेल्या तुमच्या भाच्याचा, खुर्चीवरून उठून केलेला नमस्कार. (खरंच उठलो होतो. खुर्ची हॉटेलची आहे, फिरती आहे आणि बसलं की आपोआप खिडकीकडे तोंड करते. तेव्हा एखादी ओळ वळलेली दिसली तर दोष माझ्या शाळेला देऊ नका, खुर्चीला द्या.) तुमचे गुडघे कसे आहेत? ताईचा बसलेला आवाज उठला का? मांजराने पडद्यावर चढणं सोडलं का? मामांची प्रकृती ठणठणीत आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं वाचताना आधार होईल.

फोन न करता पत्र का, तर फोनवर तुम्ही मध्येच बोलता आणि मी घाबरून भलतंच कबूल करतो. मागे तुम्ही नुसतं "बरं, मग?" म्हणालात, तर मी न फोडलेली बरणीही माझ्या नावावर घेऊन मोकळा झालो. पत्रात तुम्हाला शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. सकाळच्या बसचा कंडक्टर माझ्या ओळखीचा आहे (मी त्या बसवर तिकिटं फाडायचो, ते का सुटलं ते भेटीत सांगेन). तो उद्या दुपारी पत्र हातात देईल. त्याला चहा द्या, पण बसा म्हणू नका. बसला की तो उठत नाही.

तर मुद्दा. तुम्ही मला मामांबरोबर पाठवलंत ते त्यांच्यावर लक्ष ठेवायला. चहात साखर नाही, जिना नाही आणि ऑपरेशन झालेल्या खांद्याने काही म्हणजे काही फेकायचं नाही. इतपत मला पाठ होतं. पण फाटकाशी तुम्ही आवाज खाली आणून जे सांगितलंत त्याने माझी झोप उडाली. गुरुवारपासून कसोटी, शनिवारी ताईचं लग्न, आणि आपले होणारे जावईबापू संघात घ्यायच्या यादीत. दोनदा त्यांच्यामुळे तारीख पुढे गेली, एकदा दौऱ्यापायी आणि एकदा अशा सामन्यापायी की ज्यात पाऊस सोडून कोणीच खेळलं नाही. आणि "तिसऱ्यांदा तारीख बदलली तर मी नवराच बदलीन," असं ताई तुमच्यादेखत म्हणाली. तेव्हा काहीही कर, पण त्यांचं नाव येऊ देऊ नकोस, असं तुमचं म्हणणं. मामी, देशाची गोलंदाजी ठरवायच्या खोलीत मी चहाचा ट्रे घेऊन उभा असणार. मी काय करणार होतो, किटली सांडणार होतो? (तीही सांडली, पण ते नंतर.)

निवड समितीची बैठक आज संध्याकाळी सहाव्या मजल्यावरच्या खोलीत झाली. समिती म्हणजे माणसं तीनच. अध्यक्ष आपले मामा. दुसरे दाढीवाले, जे पूर्वी भन्नाट वेगाने चेंडू टाकायचे आणि आता त्याच वेगाने बोलतात. तिसरे वकीलसाहेब, जे पूर्वी सलामीला येऊन दिवसभर बाद व्हायचे नाहीत आणि आता दिवसभर गप्प व्हायचे नाहीत. तीन गोलंदाज चहा निवायच्या आत ठरले. अडलं चौथ्यावर. दाढीवाल्यांना हवा होता वेगवान, तो ताडमाड पोरगा, ज्याला सगळे उंट म्हणतात. वकीलसाहेबांना हवे होते डावखुरे फिरकीवाले, म्हणजे आपले जावईबापू, ज्यांना सगळा संघ सावकाश म्हणतो. (ताईला माहीत नसेल तर सांगू नका. चेंडू टाकायला ते अशा चालीने येतात की बॅट्समनला वाटतं, पत्ता विचारायला आले.) मैदान राखणाऱ्या बाबांनी सांगून ठेवलंय की खेळपट्टी दोन दिवस झोपेल आणि तिसऱ्या दिवशी चेंडू हातभर वळेल. तिसरा दिवस म्हणजे शनिवार. म्हणजे बघा, ज्या दिवसासाठी माणूस संघात हवा, नेमक्या त्याच दिवशी तो तुम्हाला मांडवात हवा.

आता गंमत अशी, की समितीचा एक नियम आहे. नात्यातल्या माणसाचं नाव निघालं की त्या सभासदाने उठून बाहेर जायचं. वकीलसाहेब सावकाशचं नाव घेत, मामा उठून बाहेर. दाढीवाले उंटाचं नाव घेत, मामा आत. पण उंटाबद्दल बोलताना "त्या सावकाशपेक्षा" म्हटल्याशिवाय दाढीवाल्यांचं वाक्य पुरं होत नाही, की मामा पुन्हा बाहेर. दार सारखं उघडंमिटं. मी पूर्वी एका दवाखान्याच्या दारावर होतो, तिथेसुद्धा इतकी वर्दळ नसायची. शेवटी मामांनी खुर्चीच कॉरिडॉरमध्ये मागवली. ती देताना माझा धक्का किटलीला लागला आणि चहा वकीलसाहेबांच्या नियमांच्या पुस्तकावर गेला. ते पुसत असताना त्यांना एक कलम नव्याने सुचलं. होणारा जावई हा नातेवाईक आहे काय? लग्न शनिवारी, तर आज मंगळवारी तो परकाच. तेव्हा मामांनी आज मत द्यावं, फक्त शनिवारी लग्न लागल्यानंतर जी षटकं पडतील त्यांची जबाबदारी घेऊ नये. दाढीवाले म्हणाले, मग लग्नाच्या आधी उंट खेळवू आणि नंतर सावकाश, की उलटं करायचं, तेही लिहून द्या.

एकास एक अशी मतं पडलेली, आणि निर्णायक मत कॉरिडॉरमध्ये बसलेलं. मामी, मामांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मला म्हणाले, "मी हो म्हटलं तर उद्या सगळे म्हणणार, सासऱ्याने जावई घुसवला. नाही म्हटलं तर एका चांगल्या बॉलरचा शेवटचा सामना मी लग्नाच्या जेवणात घातला. तेहतीस वर्षांचा आहे तो. पुन्हा कोण बोलावणार त्याला?" मी म्हटलं, मामा, नाणं उडवा. ते म्हणाले, "तू एक नोकरी टिकव, मग मला सल्ला दे." ते बरोबरच होतं, म्हणून मी त्यांच्यासाठी संत्रं सोलायला घेतलं. (साखरेऐवजी फळ, तुमच्याच यादीतलं.) तेवढ्यात स्वतः उंट त्याच्या खोलीतून बाहेर आला. आम्हाला बघून ताठ झाला, "नमस्कार सर" म्हणाला आणि लिफ्टपाशी जाऊन उभा राहिला. लिफ्ट आली, तो गेला. वरचा आकडा बघितला तर पाचव्यावर थांबली. एका मजल्यासाठी लिफ्ट. मी एका कचेरीत लिफ्ट चालवायचो तेव्हापासून अशी माणसं ओळखतो. निव्वळ आळस. तसं मी मामांना म्हटलंसुद्धा. मामांनी मान वळवली. तो उभा होता त्या जागेच्या गालिच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "ते दुसरं संत्रं दे. न सोललेलं."

मला वाटलं, खाणार. ते उठले, म्हणाले, सावकाशचा चेंडू हवेत कसा आत येतो आणि टप्पा पडल्यावर कसा बाहेर जातो ते तुला दाखवतो. मी आडवा येणारच होतो, पण माझ्या दोन्ही हातांत साली होत्या. मामी, आगीची घंटा असते ना, ती लाल डबी, काचेची? कॉरिडॉरच्या टोकाला होती. संत्रं आतही आलं नाही आणि बाहेरही गेलं नाही, ते सरळ गेलं.

पुढचं काय सांगू. अख्ख्या हॉटेलात घंटा घणघणायला लागली, लिफ्ट आपोआप बंद पडल्या आणि एक बाई माईकवरून अतिशय शांत आवाजात सगळ्यांना जिन्याने उतरायला सांगू लागल्या. (आवाज इतका छान होता की मी ऐकत उभा राहिलो. मामांनी मला कॉलरला धरून ओढलं.) सगळा राष्ट्रीय संघ गाड्या लावायच्या जागेत जमा झाला. कप्तानाच्या अर्ध्या गालावर साबण. यष्टिरक्षक टॉवेलमध्ये, दोन्ही हातांनी टॉवेल धरून, आणि मी म्हणतो त्याची पकड इतकी घट्ट सामन्यात का नसते. दाढीवाले एका गाडीवर बसून उंटच कसा हवा ते वकीलसाहेबांना सांगत होते, वकीलसाहेब ओलं पुस्तक वाळवत ऐकत होते. व्यवस्थापकांनी शिरगणती केली. दोन कमी.

सगळे जिन्याच्या दाराकडे बघत राहिले. कप्तान आत धावणार, तेवढ्यात दार उघडलं आणि आपले जावईबापू बाहेर आले, सावकाश. पाठीवर उंट. मामी, ते दृश्य तुम्ही बघायला हवं होतं. ओझं वाहणाऱ्यापेक्षा ओझं फूटभर लांब, पाय जमिनीला लागू नयेत म्हणून उंटाने ते पुढे उचलून धरलेले, आणि एका पायात बूट नाही. घोटा असा सुजलेला की मला आधी वाटलं, चेंडू मोज्यात ठेवलाय. फिजिओने हात लावला मात्र, पोरगा ओठ चावून आभाळाकडे बघायला लागला. परवा सरावात मुरगळला होता म्हणे. सपाटीवर दात दाबून धावायचा, कोणाला कळू दिलं नाही. पहिली कसोटी होती त्याची. रडला नाही, पण दाढीवाले त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि बराच वेळ वेगाने काय, सावकाशही काही बोलले नाहीत.

वकीलसाहेबांनी मात्र चष्मा लावला आणि जावईबापूंना विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो. एकाच खोलीत राहतो आम्ही."

"मग सांगितलं का नाहीत? तो गेला तर तुमची जागा पक्की होती."

जावईबापूंनी पाठ सरळ केली, घाम पुसला आणि म्हणाले, "त्याची पहिलीच मॅच आहे, सर. आणि मला शनिवारी संध्याकाळी थोडं काम आहे."

संघातला प्रत्येक माणूस मामांकडे बघायला लागला आणि मामा दिव्याच्या खांबाकडे. आता ते पोरगं दयेपोटी गप्प बसलं होतं की ताईच्या भीतीपोटी, हे मी ठरवू शकलो नाही. माझ्या मते दोन्ही समसमान, आणि असा नवरा ताईला शोधून सापडायचा नाही. असो. मत द्यायची वेळच आली नाही. चौथा गोलंदाज फिजिओने ठरवला. घंटा बंद व्हायच्या आत नावं जाहीर झाली. मामा स्वच्छ, नियम स्वच्छ, फक्त पुस्तकाला चहा लागलाय.

म्हणजे शनिवारी चेंडू वळणार आणि तो वळवायला जावईबापू मैदानात असणार. यात माझा काही दोष असलाच तर संत्र्यापुरता. तो मी पत्रातून कबूल करतो, कारण पत्रातून तुम्हाला "बरं, मग?" म्हणता येत नाही.

मांजराला आणि सगळ्या लहानांना आशीर्वाद. (मी कोणाला आशीर्वाद देण्याइतका मोठा नाही, पण मांजर चालवून घेईल.)

तुमचा,
सध्या इथेच असलेला भाचा

ता. क. खरं पत्र इथून सुरू होतं. ताईला मी आधीच फोन केलाय. म्हणाली, तारीख बदलायची नाही असं मी म्हणाले होते, जागेचं कुठे बोलले? तेव्हा मामी, शनिवारचं लग्न तेवढं इकडे घेऊन या. माणसं, कपडे, फुलं, जमलं तर मांजर. खेळ संपला की साडेसातला, याच हॉटेलच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. हॉटेलच्या व्यवस्थापकांना मी तुमच्या नावाने हो सांगून टाकलंय. टॉवेलवाला यष्टिरक्षक गाणार आहे, त्याला आत्तापासून थांबवायला कोणीतरी हवं. उंट पंगतीची देखरेख करणार आहे, बसून.

ता. क. आणखी एक. येताना मामांचा खांद्याचा पट्टा आणा, कपाटात खालच्या खणात असतो. मामा ठणठणीत आहेतच, फक्त उजवा हात वर जात नाही. जिनेही सहा उतरले. आणि खाली घाबरलेल्यांना म्हणून हॉटेलने जो चहा दिला, त्यात साखर होती. दोन कप घेतले. एकदाच काय ते ओरडा.

ता. क. शेवटचं. पाकीट चिकटवता चिकटवता मामांना विचारलं, संत्रं चुकून गेलं ना? म्हणाले, "आयुष्यभर विकेटकीपर होतो. बॉलरचे पाय बघण्यात जन्म गेला. गालिच्यावर एकाच बुटाचा ठसा नीट उमटला होता, दुसऱ्याचा नुसता अंगठा. पण ते मी बोललो असतो तर सासऱ्याने प्रतिस्पर्धी उडवला असं झालं असतं. जिना उतरताना माणसाला खोटं बोलता येत नाही." मग दिवा मालवता मालवता म्हणाले, "चढतानाही येत नाही. तुझी मामी म्हणेल गुडघे बरे आहेत म्हणून. ऐकू नकोस. तिच्यासाठी तळमजल्यावरची खोली सांगून ठेव." सांगितली आहे.