बर्फाखालच्या मेंढ्या

मॉन्टगोमरीशायर, वेल्स
१२ एप्रिल १९४७

प्रिय ग्विलिम,

तुझं फेब्रुवारीतलं पत्र मार्चअखेरीस हाती पडलं. "ताई, बर्फात मजा चाललीय ना?" असं विचारलंयस. मजा! सात आठवडे दार उघडलं की समोर छातीएवढी भिंत. पोस्टमन नाही, पाव नाही. शेवटी शेवटी ओटची पातळ लापशी, तीही बिनमिठाची.

वर्तमानपत्रांचा गठ्ठा एकदमच आला. जिकडे तिकडे कोळसा. कारखाने बंद, लंडनच्या कचेऱ्यांत मेणबत्त्या, आणि तुम्ही खाणवाले रविवारीही खाली उतरलात म्हणून शाबासकी. मिळो बापडी. पण आमच्या डोंगरांबद्दल चार ओळी, त्याही घोड्यांच्या शर्यती रद्द झाल्याच्या बातमीखाली. अस्सा संताप आला!

इदवाल रोज लांब काठीनं बर्फ भोसकत फिरायचा. आपला कुत्रा मोट थांबून उकरायला लागला की आम्ही नवराबायको फावडी चालवायचो. पहिल्या आठवड्यात मेंढ्या जिवंत निघाल्या. पुढे पुढे भुकेनं एकमेकींची लोकर खाल्लेल्या, उघड्या पाठीच्या, थिजलेल्या. गाभण होत्या रे सगळ्या. मार्चच्या वादळानंतर इदवाल म्हणाला, "एलुनेद, कुत्रा थांबला की आता भीतीच वाटते." चारशेवीसपैकी अठ्ठावन्न उरल्या.

सरकारी साहेब आले ते बर्फ वितळल्यावर, कोरड्या बुटांनी. म्हणे, "अहो बाई, हिवाळा दर वर्षीच येतो." मी म्हटलं, "मग तुम्ही का नाही येत दर वर्षी?" खोऱ्यातली तीन घरं रिकामी झाली. शाळेत चार पोरं उरलीत. रविवारी चॅपलमध्ये भजनाला आम्ही नऊ जण, आणि खर्जाचा सूर लावणारं कुणीच नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. इदवाल पहाटे उठतो, बूट चढवतो आणि चुलीपाशी तसाच बसून राहतो. पुन्हा कळप उभा करायचं बळ त्याच्यात नाही, आणि ते तो तोंडानं कबूल करणार नाही. तू डोंगर सोडून खाणीत जायला निघालास तेव्हा भर जेवणात त्यानं तुला काय काय सुनावलं, तू ताटावरून कसा उठलास, मी विसरले नाही. तूही नसशील. तरी मागते. तुझ्या खाणीत त्याला काम बघ. मी लिहिलं हे त्याला कधीच कळू देऊ नकोस. तूच त्याला पत्र घाल, तुलाच भरवशाचा माणूस हवाय म्हणून. आणि ग्विलिम, "हवं तर ये" असं नको. "ये" असं लिही.

तुझीच ताई,
एलुनेद