दादाचा बॉयलर आणि आईचा कोपरा

गोजे बेट, ५ नोव्हेंबर १९८६

ती. दोकसूदादास चिलबोकचा सा. न. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून लिहिला, मनात नाही. आपल्या गावचा एक जण इथे जहाजांच्या कारखान्यात लागलाय. तो म्हणाला, तू आईच्या खोलीची जमीन तापवणारी खालची चूल फोडलीस आणि जमिनीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरवणारा तेलावरचा बॉयलर बसवलास. कुणाला विचारून? चुलीकडच्या कोपऱ्यात जमीन चटका बसेल इतकी तापायची. मी असो नसो, आई माझ्या भाताचा वाडगा रोज तिथे रजईखाली ठेवायची. मला घराबाहेर काढलंस, आता माझा भातही काढलास. सासरच्यांपुढे मिरवायचं होतं, तर बॉयलर तुझ्या खोलीत बसवायचा.

वहिनीला नमस्कार. तो मात्र खरा.

चिलबोक

जोंगसोन, १४ नोव्हेंबर

चि. चिलबोक यास आशीर्वाद.

शिव्या तेवढ्या तुला बिनचूक लिहिता येतात. तुला कुणी काढलं नाही. बाबांच्या श्राद्धाला पिऊन आलास, मी भटक्या म्हणालो, तू चपला घालून निघालास. त्यानंतर डोंगरातून लाकडं कोण आणत होतं? मी शेतावर असलो की आई. गेल्या थंडीत मोळीसकट घसरली, मनगट मोडलं. म्हणून बॉयलर.

तर आता माझी पाठ फिरली की ती तो बंद करते. एका म्हातारीसाठी तेल कशाला जाळायचं, म्हणते. पाहुणे यायचे असले तरच चालू. परवा नळी गोठून फुटता फुटता राहिली. आणि तुझा वाडगा घेऊन घरभर फिरते. जमीन सगळीकडे सारखीच, पोराचा भात ठेवू कुठे, म्हणते. तूच समजाव तिला.

लोभ होता तेवढा या पत्राच्या तिकिटात गेला.

दोकसू

गोजे, २२ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

मनगटाचं मला कळवावंसं वाटलं नाही तुला? लक्षात ठेवीन.

आईला सांग, चिलबोक येतोय. कधी ते सांगू नकोस. आज येईल, उद्या येईल, एवढंच म्हण. पाहुण्यासाठी बॉयलर लावते ना? लावू दे, सगळी थंडीभर. गरम पाण्याची नळी खोलीत शिरते तिथे जमीन जास्त तापते. हात लावून बघ, वाडगा तिथे ठेव.

मी खरंच येईन असं समजू नकोस. तुझा उंबरा ओलांडणार नाही म्हणालोय.

चिलबोक

जोंगसोन, ६ डिसेंबर

चि. चिलबोक यास आशीर्वाद.

सांगितलं. बॉयलर दिवसरात्र घुरघुरतोय. तू म्हणालास तो कोपराही सापडला, वाडगा तिथेच असतो. पण आई खोलीत नसते. बसची वेळ झाली की रस्त्यावर जाऊन उभी राहते, बर्फात, प्रत्येक बसला. ओढून आणली तरी पुन्हा जाते. गरम जमिनीवर मांजर झोपतं.

खोटं तुझं आहे. निस्तर.

दोकसू

गोजे, १२ डिसेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

वीस तारखेला, संध्याकाळच्या बसने. हे मात्र तिला नीट सांग, म्हणजे तोवर तरी आत बसेल.

तुझ्याशी बोलणार नाही. लोभाचं काय ते जेवण झाल्यावर बघू.

चिलबोक