पाटीवरचं कुंकू

मंगळवार, संध्याकाळ

बेंबळीला चामडं शिवायची जुनी मशीन भाव ठरवायला बघून आलो. कारागीर वारले, त्यांच्या मागं काकूंना ती विकायचीय. नंबराच्या पाटीवर दर दसऱ्याच्या पूजेचं कुंकू तेलात थापलेलं. मी विचारलंच नाही, रॉकेलच्या फडक्यानं खसाखसा पुसलं. मशीन जर्मन निघाली. खालचा दोरा ओवणारं शटल तेवढं झिजलंय.

"काकू, माल चांगलाय," म्हणालो. त्या फडक्याकडं बघत होत्या.

"रोज पुसते मी मशीन, तेवढं कुंकू सोडून. त्यांचं बोट उठलं व्हतं तिथं." मग म्हणाल्या, "आता न्या म्हणावं कुणालाबी."

नंबर वाचायला दुसरं काय करणार होतो मी? पण विचारायला काय झालं होतं?

आत्ता बायकोनं ते लाल फडकं धुवायला घेतलं. उगीच तिच्यावर खेकसलो.