आबांचा डोळा आणि नळदुर्ग

शुक्रवार पेठ, सोलापूर

ती. आईस कीर्तीचा जय भीम.

आबा माझ्याकडे बरे आहेत, मीच वैतागलेय. फोनवर बोलावं तर ते शेजारीच बसतात, म्हणून लिहितेय. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख तुझ्या या नवरोबांनी दोनदा चुकवली. परवा भुईकोट किल्ला बघायला नेलं, काल सिद्धेश्वराचा तलाव आणि आज सकाळी म्हणे, नळदुर्गला चल!

मी ओरडलेच, "आधी डोळा, मग फिरणं!"

तर हळूच म्हणाले, "डोळाच गेला तर काय बगू गं? आत्ताच बगून घेतो की."

मग कसली भांडतेय? नेलं नळदुर्गला. बुरुजावर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "तुज्या आईला बी आणाया पायजे हुतं."

तुझा गुडघा कसा आहे? ऑपरेशनची नवी तारीख सोमवारची आहे. तू रविवारीच ये.

तुझी,
कीर्ती