ओठ वाचायचे नाहीत

अहो,

अपंगत्व पेन्शनच्या अपिलासाठी नंबर लावायला मी पुढे जातेय. दाढी झाली की लगेच या.

मागच्या वेळी डॉक्टरांचे ओठ वाचून तुम्ही खडाखडा उत्तरं दिलीत आणि कान ठणठणीत आहेत म्हणून अर्ज फेटाळला गेला. तोफांनी कान नेले, पण फौजेतला ताठा काही गेला नाही. आज त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही. ऐकू आलं नाही तर तसं सांगायचं. त्यात कसली आलीय लाज?

दारातून किती हाका मारल्या. आता तुमच्या मागेच उभी राहून हे लिहितेय. खांद्याला हात लावला असता, पण तुम्ही दचकता, आणि हातात वस्तरा आहे.